चोवीसची खोली

सोमवार, ३ मार्च

नाही, मी भिंतीला कान लावला नव्हता. भिंतच पातळ आहे. काल रात्री फोनवर तू विचारलंस त्याचं उत्तर आत्ता देते, कारण तेव्हा तुझी वहिनी समोर बसून वाटाणे सोलत होती. ती वाटाणे सोलते तेव्हा तिचे हात शेंगेत असतात आणि कान माझ्या तोंडाशी. म्हणून पत्र. खालचा न्हावी पेटीत टाकेल. त्याला वाचनाचा कंटाळा आहे, त्यामुळे भरवशाचा आहे.

चिमणे, तू माझ्या बहिणीची लेक, पण माझ्या मांडीवर जास्त वेळा मुतली आहेस. तेव्हा मला खोटं सांगायचं नाही. काय झालं ते ऐक.

काल दुपारी जेवून मी आडवी झाले होते. डोळे मिटलेले, झोप नाही. पलीकडे तुझा दादा फोनवर बोलत होता आणि वहिनी मागून त्याला शिकवत होती. ती शाळेची पुस्तकं मराठीत करते तेव्हापासून घरातसुद्धा पुस्तकासारखीच बोलते, हे तुला माहीत आहे. बटणाला कळ म्हणते. मी एकदा तिला कळ दाब म्हणाले तर माझा गुडघा चेपायला आली. असो. जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते.

"आईंसाठी सोळाची खोली नको, पुरणार नाही. चोवीसचीच घ्या." ही वहिनी.

"आणि दर?" हे आपले चिरंजीव.

"अठ्ठेचाळीस हजार पुष्कळ झाला. शहाण्णव कशाला? आई काही वटवाघूळ नाहीत."

मग दोघं हसली. मग दादा म्हणाला, "म्हणजे नमुने सेकंदाला..." आणि वरच्यांचा मिक्सर सुरू झाला. त्या बाईला चटणी वाटायला तेवढीच वेळ सापडते.

आता मी काही फार शिकलेली नाही, गावच्या शाळेत चार बुकं केली, पण खोल्यांना नंबर कुठे असतात एवढं कळतं. लॉजला असतात, इस्पितळात असतात आणि वृद्धाश्रमात असतात. लॉजवर मला या वयात कोण नेणार. इस्पितळात जायला मला काही झालेलं नाही. राहिलं काय ते तूच सांग. दर ठरवून झाला. नमुने म्हणजे तिथे आधीपासून राहणारे म्हातारे असणार, आणि सेकंदाला म्हणजे सेकंडला, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या गुडघ्यांचं कौतुकच म्हणायचं.

वटवाघळाचं मी मनावर घेतलं नाही असं नाही.

हे बघ, मला या घरातून न विचारता कुणी हलवायचं नाही, एवढी एकच गोष्ट आहे. तुझ्या काकांचं शिलाई मशीन अजून खिडकीशी आहे. ते गेले तरी मी रोज त्याच्या पायट्यावर पाय ठेवून बसते. मशीन जाईल तिथे मी जाईन. चोवीस नंबरच्या खोलीत मशीन मावतं का, तेवढं विचारून कळव. आणि तुला माहीत नाही म्हणू नकोस. दादा फोनवर दोनदा "चिमणे" म्हणाला. दुसऱ्या टोकाला तू होतीस.

तुझी मावशी, सध्या मुक्काम जुन्याच खोलीत


१० मार्च

मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा घाबरले. तुला कुणीही कुठेही पाठवत नाहीये. हे मी आईची शपथ घेऊन लिहिते, आणि आई इथे शेजारी बसून मान डोलावते आहे.

दादाचा फोन आला होता, खरं आहे. पण तो त्याच्या गाण्यांच्या कामाचा होता. दिवसभर शिलाई मशीनं दुरुस्त करून आला की तो गिटार घेऊन बसतो, हे तू बघतेसच. त्याला घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचं आहे आणि मी याच धंद्यात आहे, म्हणून त्याने विचारलं. खोलीचं आणि दराचं तू ऐकलंस ते ऐकण्यातली गल्लत आहे. यापेक्षा जास्त मला विचारू नकोस, मी शब्द दिला आहे.

आमच्याकडे सध्या जुन्या टेपांचा ढीग पडला आहे. त्यांच्यावरचे आवाज संगणकावर उतरवून ठेवायचे. परवा एका टेपवर कुणाच्या तरी लग्नातली भाषणं होती आणि मागे लांब कुणीतरी शीळ घालत होतं. मला एकदम तुमचं घर आठवलं. काका खाली त्यांच्या शिलाईच्या दुकानातून शीळ घालायचे, चहा मागायला, आणि तू वरून तशीच शीळ घालून "येते" किंवा "स्वतः या" सांगायचीस. आम्हा पोरांना दोन्हींतला फरक कळायचा. काका गेल्यापासून तू शीळ घालायची अगदीच बंद केलीस का गं? म्हणजे एकटी असतानासुद्धा? सहज विचारते.

नवे दात नीट बसले का? सुरुवातीला टोचतात म्हणतात.

चिमणी


सोमवार, १७ मार्च

चिमणे,

"मी शब्द दिला आहे." वा. ज्यात काही नाही त्यात शब्द कोण देतं? मी बाजारात दोडका घेताना कुणाला शब्द देत नाही. तुझ्या एका पत्राने माझी होती नव्हती ती शंकाही फिटली. आता खात्री आहे.

आणि माझ्या बहिणीला सांग, मान डोलावायला तिला काय लागतं, ती टीव्हीवरच्या बातम्यांनाही डोलावते.

नवीन काय ते ऐक. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीतून दादाने पत्र्याचे डबे काढले, पाळणा काढला, आणि चारी भिंतींना गाद्या आणि रजया ठोकल्या. दारालासुद्धा आतून रजई. आत जाऊन मी बोलले तर माझा आवाज तोंडातून बाहेर पडला आणि तिथेच मेला. अशा खोल्या कुठे असतात ते मला माहीत आहे. वेड्यांच्या इस्पितळात, डोकं आपटून घेऊ नये म्हणून. मी दादाला म्हटलं, "कुणाचं डोकं आपटायचंय?" तर म्हणतो, "आई, तू अशा खोलीत थोडा वेळ बसशील का गं, कंटाळा नाही ना येणार?"

वहिनीने परवा विचारलं, "आई, तुम्ही आंघोळीला साधारण कधी जाता?" सात वर्षं झाली तिला या घरात येऊन. पाणी तीच तापवते.

आणि हे सगळ्यात मोठं. मी आंघोळीला गेले की घर मरतं. पंखे थांबतात. फ्रिज घुरघुरायचा बंद होतो, वहिनी त्याचं बटण, तिच्या भाषेत कळ, काढते. कुणी खोकत नाही. मी आत असताना बाहेर काहीतरी ठरतंय. म्हणून परवा मी काय केलं, आत गेले, नळ मोठा सोडला, आणि टॉवेल खांद्यावर टाकून तश्शीच गपकन बाहेर आले. पॅसेजमध्ये दोघं उभी. दादाच्या कानाला ते तुझ्यासारखे मोठे डबे लावलेले. वहिनीचं एक पाऊल हवेत.

मी म्हटलं, "काय चाललंय?"

वहिनी म्हणाली, "झुरळ."

मी म्हटलं, "ते काय गातं, म्हणून हा कानाला डबे लावून ऐकतोय?"

दादा म्हणाला, "आई, पाणी वाया जातंय." बोलण्याचा विषय बदलायला हा बापावर गेलाय.

दातांचं विचारलंस. दात त्यांच्या जागी आणि मी माझ्या. शिळेचं मात्र विचारू नकोस. तो विषय मी घरातही कुणाला काढू देत नाही, आणि तू सहज विचारतेस म्हणालीस त्या अर्थी ते सहज नाही.

तुझ्या ऑफिसातल्या त्या दाढीवाल्याचं काय झालं ते मीही सहज विचारते.

मावशी


२४ मार्च

मावशी,

दाढीवाल्याने दाढी काढली. खाली हनुवटी निघाली नाही. विषय संपला.

आता तू शांतपणे वाच. त्या रजया वेड्यांसाठी नाहीत. रिकाम्या खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये घुमतो, तो अडवायला कापूस आणि कापड लागतं. आमच्या इथल्या खोल्यांनाही आतून जाड कापड आहे, आणि आम्ही सगळे बऱ्यापैकी शहाणे आहोत. फ्रिज बंद करतात तोही आवाजासाठीच. गाण्याचं काम असलं की घर शांत लागतं.

तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. जेव. आणि त्या माईकला घाबरू नकोस, तो बाहेर पॅसेजमध्येच आहे, बाथरूममध्ये नाही, ते मी दादाला पहिल्यांदाच बजावलं होतं.

तू एकदा दादाशीच मोकळेपणाने का बोलत नाहीस? तो तुला विचारायला घाबरतो. मागे एकदा त्याने विचारलं तर तू उठून निघून गेलीस म्हणे.

चिमणी


शनिवार, २९ मार्च

कुठला माईक?

मी माझी दोन्ही पत्रं मनातल्या मनात पुन्हा वाचली. त्यात खोली आहे, फ्रिज आहे, झुरळ आहे. माईक नाही. माईकचं नाव तू काढलंस. तुला खोटं बोलता येत नाही हे तू चौथीत असतानाच मी तुझ्या आईला सांगितलं होतं.

वहिनी तिच्या आणि दादा त्याच्या कामाला गेल्यावर मी स्टूल घेतलं. गुडघ्यांना म्हटलं, आज जरा सांभाळून घ्या. पॅसेजमधल्या कपाटाच्या वर, चपलांच्या खोक्यामागे, बाथरूमच्या वरच्या झडपेकडे तोंड करून तो बसला आहे. काळा, नाकावर स्पंजची टोपी. वायर भिंतीच्या कडेकडेने अडगळीच्या खोलीत गेली आहे, आणि जागोजागी बांधली आहे ती तुझ्या काकांच्या डब्यातल्या काळ्या दोऱ्याने, काकांच्याच गाठीने. परक्याचं काम असतं तर मी आरडाओरडा केला असता. गाठ बघून गप्प बसले.

आता सगळं जुळलं. मी बाथरूममध्ये एकटी बोलते. हो, बोलते. त्यांच्याशी बोलते. वाटाण्याचा भाव सांगते, वहिनीची एखादी तक्रार सांगते, गुडघ्याचं सांगते. ते उत्तर देत नाहीत, पण जिवंत होते तेव्हा तरी कुठे द्यायचे. यात वेड कुठे आलं? पण हे टेप करून डॉक्टरला ऐकवलं तर तो वेडच म्हणणार. मग कागदावर सही, मग चोवीस नंबर, दुसरा मजला. आधी रजयांच्या खोलीत थोडं बसवून सवय करून घेणार. आणि या सगळ्यात सल्ला कुणाचा, तर माझ्या मांडीवर वाढलेल्या चिमणीचा.

काकांची मोठी कात्री हातात घेतली होती. वायर तिच्या दोन पात्यांच्या मध्ये धरली. कापली नाही. त्यांचं दुकान बंद केलं तेव्हापासून ती कात्री कापडाशिवाय कशालाच लावायची नाही असं मी घरात सगळ्यांना बजावलं आहे, आता मीच कशी लावू.

बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे. मशीन बॅगेत जात नाही, म्हणून अजून इथे आहे. तुझं खरं पत्र आलं नाही तर मी ते मशीन खालच्या न्हाव्याच्या दुकानात ठेवून तुझ्याकडे येईन, आणि मग तुझी आई आणि मी एका घरात राहू. त्याचा विचार कर आणि काय लिहायचं ते लिही.

मावशी


३ एप्रिल

मावशी,

तू आणि आई एका घरात, हे वाचून मी दादाला दिलेला शब्द मोडते आहे. त्याला मी कळवलंय की मोडते आहे. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

पहिलं म्हणजे खोली. मावशी, खोलीचे दोन अर्थ होतात आणि या घोळात नेमका दुसरा होता. राहायची खोली नाही, विहिरीची खोली. किती खोल, ती. आम्ही धंद्यात त्याला बिट डेप्थ म्हणतो. वहिनीने त्याची खोली केली. सॅम्पलचं तिने नमुना केलं, रेटचा दर केला. मी फोनवर हसले होते, म्हटलं, वहिनी, हे कुणी बाहेरून ऐकलं तर घर भाड्याने घेताय असं वाटेल. ऐकलं ते तूच.

आता तुला काकांच्या भाषेत सांगते. आवाज यंत्रात तसाच्या तसा जात नाही. यंत्र त्याची मापं घेतं, जशी काका अंगाची घ्यायचे. सेकंदाला किती वेळा टेप लावायची, तो दर. अठ्ठेचाळीस हजार वेळा लावली की माणसाच्या कानाला ऐकू येणारं सगळं मापात येतं. शहाण्णव हजार वेळाही लावता येते, पण त्याने जे जास्तीचं पकडलं जातं ते आपल्याला ऐकूच येत नाही. तेवढं बारीक वटवाघळाचं असतं. वहिनी तेच म्हणत होती. तुला नाही म्हणाली.

आणि खोली म्हणजे त्या टेपवर रेघा किती जवळजवळ आहेत ते. नुसत्या इंचांच्या रेघा असतील तर जाडजूड माणसाचं माप बरं येईल, पण बाळाच्या मनगटाचं? ते एका रेघेतच संपेल. मोठा आवाज सोळात छान मापला जातो. अगदी हलका असेल, आणि नंतर तो वर उचलून मोठा करायचा असेल, तर सोळात त्याच्याबरोबर खरखरही वर येते. चोवीसमध्ये रेघा इतक्या बारीक असतात की हलका आवाजसुद्धा नीट मापला जातो, आणि वर जागा मोकळी राहते, अचानक कुणी जोरात खाकरलं तरी फाटत नाही. म्हणून सोळाची नको, चोवीसची घ्या.

आता हलका आवाज कुणाचा, ते.

दादाने मागे घराला रंग देताना, पॅसेजमध्ये शिडीवर असताना, ऐकलं. आत नळ चालू होता आणि नळाच्या मागे शीळ. तुझी. चहाची ती जुनी शीळ, "येते"वाली. तो शिडीवरच उभा राहिला. रंग हातावर वाळला म्हणे.

मावशी, काकांची शीळ कुणीच ठेवली नाही. कुणाला सुचलं नाही, ती रोजचीच होती. मी इथे परक्यांची लग्नं आणि परक्यांची भाषणं उतरवून ठेवते आणि काकांची शीळ माझ्याकडे नाही. दादाला तिची चालसुद्धा नीट आठवत नाही. त्याने गिटारवर शोधून बघितली, दरवेळी तिसऱ्या सुरापाशी अडतो. उत्तर मात्र अजून घरात आहे, तेवढंच त्याला हवं आहे. उत्तर मिळालं की प्रश्नही आठवेल असं तो म्हणतो.

तुला सरळ का विचारलं नाही? एकदा विचारलं होतं. काका जाऊन थोडेच दिवस झाले होते. तू खिडकीशी होतीस, काही न बोलता उठलीस आणि आत गेलीस. तेव्हापासून घरात सगळ्यांनी ठरवलं की शीळ हा तुझ्या दुःखाचा विषय आहे. तू दार लावून, नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये अशी घालतेस, म्हणजे ती फक्त काकांसाठी आहे. ती मागायची हिंमत दादाला होईना. चोरून घ्यायची हिंमत झाली, ते चुकलंच, आणि त्यात मी सामील होते. एकटीने बोललेलं काहीही कुणी ऐकलेलं नाही. नळाच्या आवाजात ते कळतच नाही. शीळसुद्धा अजून एकदाही धड आलेली नाही. चोवीसची खोली घेऊनही नळ तो नळच.

रजयांची खोली तुझ्यासाठीच आहे. तू कधी हो म्हणालीस तर, म्हणून त्याने ती आधीच करून ठेवली.

बॅग सोड. कात्री जागेवर ठेव.

चिमणी


बुधवार, ९ एप्रिल

चिमणे,

बॅग लगेच सोडली नाही. तुझं पत्र आधी घेऊन बसले आणि वहिनीच्या टेबलावरचं जाडं पुस्तक उघडलं, ती करते आहे ते. "खोली" शोधायला तासभर गेला. सापडली. बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, "गैरसमज होईल का?" झाला की, बाई.

मग संध्याकाळी दोघांना समोर बसवलं. मी म्हटलं, "चोवीसच्या खोलीत मशीन मावेल का?"

दादा पांढरा पडला. वहिनी म्हणाली, "आई, ती खोली म्हणजे..."

मी म्हटलं, "कळलं. विहिरीची. मला त्यात ढकलणार नव्हतात एवढंच बघायचं होतं."

वहिनी रडायला लागली. मला वाटलं होतं हसेल. मी वृद्धाश्रमाचं डोक्यात घेऊन महिनाभर त्यांच्या हातचं जेवत होते, हे तिला फार लागलं. म्हणाली, "आई, तुम्हाला आमच्याबद्दल असं वाटूच कसं शकलं?" मी म्हटलं, "वाटायला काय, दोघं मिळून बाथरूमबाहेर एका पायावर उभी होतात." मग ती रडता रडता हसली, आणि मग मला कपाटावरचा तो टोपीवाला काढून हातात दिला. वजनाला छान आहे.  दादाने वायरीच्या गाठी सोडल्या, एकेक, आणि दोरा परत काकांच्या डब्यात गुंडाळून ठेवला. बापही तुटलेला दोरासुद्धा असाच गुंडाळायचा.

तुझ्यावर माझा राग आहे, पण तुझं टेपेचं सांगणं बरोबर होतं म्हणून अर्धा सोडला. तुझे काका म्हणायचे, टाके फार जवळ घातले तर कापड तिथूनच फाटतं. तेव्हा शहाण्णवचा नाद नको हे मलाही पटलं. दादाला म्हटलं, "अठ्ठेचाळीसच ठेव, मी वटवाघूळ नाही." वहिनी पदराआड लपली.

मग दादाने विचारलं. नीट, समोर बसून. "आई, रजयांच्या खोलीत बसून एकदा घालशील? ती चहाची?"

मी म्हटलं, घालेन. पण एक अट आहे. मी आत एकटी बसणार. दार आतून लावणार. कळ कुठली दाबायची ती आधीच दाखवून ठेव. बाहेरून काचेतून, फटीतून, कुठूनही कुणी बघायचं नाही. घालून झाल्यावर मी आतून टकटक करीन, त्यानंतरच थोडं थांबून दार उघडायचं. तो लगेच म्हणाला, "समजतं मला आई." त्याचे डोळे भरले. त्याच्या डोळ्यांना दुसरं काम नाही.

त्याला काहीही समजलेलं नाही. आणि त्याला समजावणं माझ्याने होत नाही, म्हणून हे तुला लिहिते. तू त्याला सांग, किंवा नको सांगू, तुझं तू बघ. पण माझा तुम्हा सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आता तुम्ही माझ्यावर एकदा घ्यायला हवा होता, आणि तुमच्यापैकी कुणालाच तो सुचला नाही.

ते गेले त्याच महिन्यात माझे दात आले. सांगून ठेवलेले होते, ते गेल्यावर तयार झाले. पहिल्या दिवशी घालून मी खिडकीशी गेले. दुकान बंद होतं, खाली कुणी नव्हतं, तरी म्हटलं घालू या. ओठ केले, फुंकर मारली. फस्स. पुन्हा मारली. फस्स. सायकलच्या ट्यूबसारखं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमका तेव्हा दादा मागे येऊन म्हणाला, "आई, बाबांसाठी शीळ घालत होतीस का?" आता अशा वेळी त्याला काय दातांचं सांगायचं? उठले आणि आत गेले.

नंतर सांगणार होते. पण घरात सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले. वहिनीने कितीतरी दिवस उलट उत्तर दिलं नाही. येणारे जाणारे म्हणायचे, बघा, नवऱ्यामागे शीळसुद्धा सोडली. मला ते आवडलं. बोळक्या तोंडाची म्हातारी म्हणून कुणी बघण्यापेक्षा ते कितीतरी बरं होतं. बोळकी मी त्यांनाही कधी दिसले नाही, जुने दात गेल्यापासून तोंडाला पदर असायचा, तर पोराला काय दिसणार.

शीळ मी दुःखाने सोडलेली नाही गं. ती नव्या दातांनी येत नाही. आंघोळीला गेले की मी दात काढून मगात ठेवते आणि मग घालते.